वरच्या सळ्या

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी दुधाच्या बाटलीला चिकटपट्टी लावली, तिच्यावर तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि कोपर टेकवायला म्हणून जी फाईल पुढ्यात ओढली तिच्यात माझी सही निघाली. सही निघणं यात नवल काहीच नव्हतं. या इमारतीत विटांच्या खालोखाल माझ्या सह्याच असतील. नवल होतं ते तारखेचं. दुसऱ्या मजल्याची गॅलरी, स्लॅब ओतण्यापूर्वीची तपासणी, सोळा तारीख, सकाळी साडेअकरा. सळ्यांची जाडी बरोबर. सळ्यांमधलं अंतर बरोबर. वरच्या सळ्या वर उचलून धरल्या आहेत काय, होय. त्या 'होय'च्या पुढे निळी बरोबरची खूण, आणि खाली मी, माझ्या नावातल्या शेवटच्या अक्षराला मी काढते तो लांब झोका काढून. सोळा तारखेला सकाळी साडेअकराला मी इथून पाऊण तासाच्या अंतरावर एका पांढऱ्या खोलीत पाठीवर पडले होते. ठमी अकरा बेचाळीसला जन्मली. म्हणजे कागदाप्रमाणे मी त्या गॅलरीवर उभी राहून सळ्या मोजत होते तेव्हा तिचं डोकं दिसायला लागलं होतं.

नमुन्यांची खोली म्हणतात हिला. कामावरच्या ऑफिसच्या खोल्यांपैकी हिच्याच दाराला आतून कडी आहे, म्हणून दिवसातून दोनदा मी इथे येऊन बसते, छातीला यंत्र लावते, आणि समोर बघत राहते. समोर फरशांचे तुकडे, दाराच्या मुठी, रंगाच्या पट्ट्या, आणि पाण्याची टाकी, जिच्यात काँक्रीटचे ठोकळे बुडवून ठेवलेले असतात. प्रत्येक ठोकळ्यावर लाल रंगाने तारीख. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग दाबून फोडायचे, किती भाराला फुटले ते लिहायचं. मला या ठोकळ्यांची सोबत आवडायची. तेही तारीख घालून ठेवलेले, माझं दूधही तारीख घालून ठेवलेलं. इथल्या कशालाही विचारा, तू कधीचं, ते खरं सांगेल, असं मला उगाचच वाटायचं. यंत्र घर्र करत होतं, फुस करत होतं. दूध यायचं थांबलं. राग आला की ते थांबतं, हे मला या सात महिन्यांत कळलं आहे. शरीर एका वेळी एकच काहीतरी वर आणतं.

सही मीच केली होती. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी पुष्कळांवर चिडणार आहे. आठवा महिना संपून नववा लागला होता. पाय इतके सुजले होते की बूट नवऱ्याचे घालून येत होते. साहेब, म्हणजे आमच्या तपासणीच्या कंपनीचे मालक, आपल्या हाताने रंगाचा रिकामा डबा उपडा घालून, त्यावर आपल्या खुर्चीतली उशी ठेवून, "बाळा, पाय वर घे आधी" म्हणाले होते. मग पंखा माझ्याकडे वळवला. मग तपासणीची सहा कोरी कार्डं काढली. "तुझ्या जागी येणारा वीस तारखेला येतोय. तू पंधरापर्यंत आहेस. मधल्या चार-पाच दिवसांत एखादं बारीकसारीक काम अडून बसलं तर? गाड्या दारात येऊन उभ्या राहतात, काँक्रीट कुणासाठी थांबत नाही, तुला माहीतच आहे. वापरणार नाही कुणी. नुसती असू देत." मी म्हटलं, गॅलरी तर नाही ना येत मधे? "गॅलरी चौदाला आहे, तेव्हा तू असशीलच की." आणि मी सहा वेळा लांब झोका काढला. पेन चांगलं चालत होतं. पंख्याचा वारा पायाला बरा वाटत होता. मला आज त्या वाऱ्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. कुणी दम दिला असता, टेबलावर हात आपटला असता, तर मी सही केली नसती. मला माझा स्वभाव माहीत आहे. पण उशी दिली.

गॅलरी चौदाची सोळावर गेली. ठमी अकरा दिवस आधी आली. या दोन गोष्टी आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर अजूनही बघायला मिळतात. इमारतीतलं प्रत्येक काम म्हणजे त्या तक्त्यावरची एक रंगीत पट्टी: पाया तपकिरी, स्लॅब राखाडी, लिफ्ट जांभळी. एका कामाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत बाण असतो, हे संपल्याशिवाय ते नाही. आणि अगदी तळाला, फरशीच्या आणि शौचालयांच्या मधे, एक बारीक पिवळी पट्टी: तपासनीस, रजा. तिच्यातून एकही बाण निघत नाही. तिच्यात एकही शिरत नाही. मी गेले काय, आले काय, कुठलंच काम माझ्यावर टेकलेलं नव्हतं. परत रुजू झाले त्या दिवशी ती पट्टी बघून मी हसले होते, आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंही होतं, तुझी लेक पिवळी आहे म्हणून.

बटणं लावून मी जिना चढले. चढताना मनात ते सगळं चालू होतं जे मी नव्या मुलांना शिकवते. पूर्वी म्हणे बांधायचं तर मालक एकाला नकाशा काढायला सांगायचा, दुसऱ्याला बांधायला, आणि नकाशावाल्याचा माणूस बांधणाऱ्याच्या उरावर बसून राहायचा. ते भांडायचे. पत्रं लिहायचे एकमेकांना, फोडायला लावायचे, काम रखडायचं, मालक कंटाळायचा. मग कुणीतरी शहाण्याने काढलं की भांडण हवंच कशाला? एकच कंपनी नकाशाही काढेल, बांधेलही, तपासणाराही तीच नेमेल. तुम्ही एका दारात या, एका दारातून किल्ली घेऊन जा. सगळे खूष. वरच्या मजल्याचे नकाशे खालचा मजला ओतला जात असताना तयार होतात, वेळ वाचतो. आणि तपासणारी मी, माझा पगार ज्याला तपासायचं त्याच्याच खिशातून येतो. यात वाईट कुणीच नसतं. सगळे एका घरचे असतात. "ताई काय, आपल्या घरच्याच आहेत." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, आणि दरवेळी गालात हसले. भांडण ही इमारतीतली एक भिंतच होती, आणि ती पाडून आम्ही खोली मोठी केली, हे मला जिन्याच्या बाराव्या पायरीवर कळलं. एवढी शिकलेली मी.

ही इमारत शाळेची आहे. गॅलरी वर्गांच्या बाहेर, मैदानाच्या अंगाला, भिंतीतून सरळ पुढे निघालेली, खाली एकही खांब नाही. नकाशात ती फार सुंदर दिसते. तिच्यावर उभं राहिलं की मैदान पायाखाली असल्यासारखं वाटतं. मी तिच्यावर शंभर वेळा चालले असेन रुजू झाल्यापासून. गिलावा, कठडा, पाण्याचा उतार, सगळं बघितलं. पण बघताना माणूस जे बघायला आलेला असतो तेच बघतो. आज मी भिंत आणि गॅलरी जिथे मिळतात तिथे गुडघ्यावर बसले, आणि नखाने धूळ काढत गेले. रेघ होती. केसाएवढी, भिंतीला समांतर, पहिल्या वर्गाच्या दारापासून चौथ्या वर्गाच्या दारापर्यंत. आणि ती कुणीतरी भरली होती. सिमेंटच्या ओल्या लगद्यात बोट बुडवून, रेघेवरून बोट ओढत नेलेलं. बोटाच्या कडेचा ठसा जागोजाग उमटलेला. कुणीतरी खाली बसून, इतक्या हळुवारपणे, जसं मी ठमीच्या पापणीवर काजळ नको म्हणून सासूबाईंशी भांडते आणि मग स्वतःच तिच्या भुवईवरून बोट फिरवते, तसं बोट फिरवलं होतं. म्हणजे माहीत होतं. राग आला की कानात आधी शांत होतं. खाली कुणी फरशी कापत होतं तोही आवाज गेला.

"काय झालं ताई, काही सांडलं काय?" मागे होऊनजाईल उभा होता. बांधकाम कंपनीचा इथला प्रमुख. खरं नाव कामावर कुणी घेत नाही. काहीही विचारा, तो म्हणतो होऊन जाईल.

"ही रेघ कसली?"

तो वाकला. चष्मा वर केला, खाली केला. "ही होय. ही प्लास्टरची रेघ आहे ताई."

"इथे प्लास्टर कुठंय?"

"म्हणजे, प्लास्टर असतं तर प्लास्टरचीच म्हटली असती ना आपण."

"भरली कुणी?"

"भरली असेल कुणीतरी. आपली माणसं फार टापटिपीची आहेत, त्यांना बघवत नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने आवाज बदलला. "उद्या मुख्याध्यापिका बाई ताबा घ्यायला येतायत. आज रेघा मोजत बसलो तर कसं व्हायचं? बाळ कसं आहे?"

बाळ कसं आहे! मी उठले. गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल उमटले होते. मी विचारलं, सोळा तारखेला इथे वर कोण उभं होतं? तो म्हणाला, "कार्ड बघा की, कार्डावर आहे सगळं." आणि हसला, ते हसू दुष्ट नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. तो खरोखरच विसरला होता की ते कार्ड खोटं आहे. कागदावर सही होती, सात महिने झाले होते, आणि कागद जुना झाला की खरा होतो.

कामाला लागले त्या पहिल्या वर्षी, एका दुसऱ्याच इमारतीवर, सळ्या बांधणाऱ्या काकांनी मला गॅलरी शिकवली होती. पुस्तकात मी ती शिकले होतेच, गुण चांगले होते. काका म्हणाले, "पोरी, हात समोर धर. सरळ." मी धरला. त्यांनी माझ्याच जेवणाचा डबा माझ्या मनगटावर ठेवला. "कुठं ओढतंय?" मी म्हटलं, मनगटात. "थांब जरा." थांबले. आणि मग खांद्याच्या वरच्या बाजूने, मानेकडे जाणारी एक दोरी ताणली जायला लागली. "इथं," मी म्हटलं. "वर?" "वर." "मग सळई कुठं पाहिजे?" वर. भिंतीतून पुढे आलेल्या स्लॅबची सळई वर पाहिजे, पृष्ठभागाच्या लगेच खाली. तिथेच तो फाटायला बघतो. खाली असलेली सळई काही कामाची नाही. आणि काँक्रीट ओतताना माणसं त्या सळ्यांवरूनच चालतात, त्यांच्या पायांनी त्या दबतात, म्हणून खाली वाकवलेल्या सळीचे ठेंगणे पाय द्यायचे, ज्यांना आम्ही चेअर म्हणतो. बसायची नव्हे. शिवाय ओतून होईपर्यंत तपासणाऱ्याने तिथून हलायचं नाही. कुणी सळई तुडवली की ओरडायचं. मी फार छान ओरडायचे. ठमी झाल्यावर, पहिल्या चार महिन्यांत, तिला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने भांडी घासताना मला रोज ती दोरी आठवायची. साडेतीन किलो. मग पाच. मग साडेसहा. खांद्याच्या वर, मानेकडे.

तेच काका आता शेजारच्या, शाळेच्या दुसऱ्या इमारतीवर होते. उन्हात उकिडवे बसून, हातातल्या आकड्याने तार पिळत. मी विचारलं तेव्हा त्यांनी आकडा खाली ठेवला नाही, फक्त पिळणं थांबवलं.

"मीच बांधल्या. चांगल्या बांधल्या. बांधण्यात खोट काढून दाखव."

"आणि चेअर?"

"यायच्या होत्या. वाकवायला दिल्या होत्या, आल्या नव्हत्या. मी म्हटलं त्याला, दुपारी ओता. तो म्हणाला गाड्या निघाल्यात, वाटेत आहेत, होऊन जाईल. विटांचे तुकडे दिले आम्ही खाली चार-दोन. काँक्रीटचा पाइप फिरवणारे तुडवत गेले, विटा फुटल्या. बसल्या सळ्या खाली. मी बघितलं."

"मग काका, बोलला नाहीत?"

आता त्यांनी आकडा खाली ठेवला. "बोललो की. मी म्हटलं, ही पोर असती तर हे चालू दिलं नसतं. तर त्याने खिशातनं कार्ड काढून दाखवलं. तुझी सही. मी तुझी सही ओळखतो, तो लांब शेपटा. म्हटलं, पोर बघून गेली असेल सकाळी, काहीतरी मोजून-मापून सोडलं असेल, शिकलेली आहे. गप्प बसलो." मग आकडा पुन्हा उचलून म्हणाले, "तुझ्याच सहीने गप्प बसलो मी."

तिथून परत येताना मी होऊनजाईलवर चिडले नव्हते, साहेबांवरही नाही. त्या झोक्यावर चिडले होते. तो मी शाळेत असताना बसवला, वहीच्या मागच्या पानावर, पन्नास वेळा काढून, मोठी झाल्यावर कुणीतरी होईन तेव्हा लागेल म्हणून. मला वाटायचं कोरी कार्डं म्हणजे नुसते रिकामे कागद, वाईट तर वाईट, पण रिकामे. ते रिकामे नव्हते. मी नव्हते तिथे माझी सही उभी होती, आणि इमारतीवरच्या एकुलत्या एका माणसाने तोंड उघडलं तेव्हा तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याच वेळी तिकडे त्या पांढऱ्या खोलीत एक दाणकट नर्स ठमीच्या मनगटावरची पट्टी मोठ्याने वाचत होती, मग माझ्या मनगटावरची, मग पुन्हा ठमीची. खोलीत दुसरं बाळच नव्हतं. मी थकून म्हटलं होतं, अहो माझीच आहे ती, आत्ता तर आली. ती म्हणाली, "असेल. मी बघितल्याशिवाय नाही लिहीत." आणि मला तेव्हा तिचा राग आला होता.

साहेब फाईल न उघडता ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बस आधी." मी बसले नाही. म्हणाले, "तडा आहे, तडे सगळ्यांना असतात. उद्या ताबा होऊ दे. पुढे वर्षभर दुरुस्तीची मुदत असतेच आपल्याकडे. मोठी सुट्टी लागली की खालून दोन-तीन खांब देऊ, गुपचूप, शोभेचे म्हणून. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मोठी सुट्टी कधी आहे?"

"चार महिन्यांनी असेल."

"मधली सुट्टी रोज आहे, साहेब. घंटा झाली की चार वर्गांची मुलं एकदम कठड्याला येतात."

त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. सवयीने असेल. "बाळा, सही कुणाची आहे?"

"माझी."

"कोऱ्या कार्डावर मी करून घेतली असं तू म्हणशील, मी नाही म्हणेन. मला नाही म्हणावंच लागेल, चाळीस माणसं पोसतो मी. मग परवाना कुणाचा जाईल? तुझ्या पदरात लहान मूल आहे म्हणून सांगतोय, दुसरं काही नाही." आणि त्यांचा आवाज खरोखर ओला झाला होता. हीच तर गंमत आहे. या माणसाने मला कधी आवाज चढवून हाक मारली नाही. मी पंखा बंद केला. बटण त्यांच्याच टेबलाच्या कडेला होतं. एवढंच केलं. नुसता पंखा बंद करून बाहेर आले, आणि जिन्यात दूध, जे सकाळी आलं नव्हतं, ते आता सदऱ्यातून खाली आलं.

संध्याकाळी घरी नवरा ठमीला मांडीवर घेऊन बसला होता, आणि ती त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती. मी सांगितलं. तो बराच वेळ बटण तिच्या तोंडातून सोडवत राहिला. "तू आज काही लिहून-बिहून दिलं नाहीस ना?" नाही. "मग जरा थांब. एखाद्या वकिलाला विचारू. नाव न घालता कळवता येतं म्हणतात." मी म्हटलं, नाव तर आधीच घातलेलं आहे. तो चिडला. "तुला काय वाटतं, तुझ्या एकटीने पडणारी गोष्ट थांबते? घराचा हप्ता, हिची लस, तुझं पुढलं काम, कोण ठेवेल तुला?" तो खोटं बोलत नव्हता. माझ्या घरात कुणीच खोटं बोलत नाही, कामावरही कुणी धडधडीत खोटं बोलत नाही, आणि तरी एक गॅलरी हवेत उभी आहे.

सासूबाई आतून मऊ भाताची वाटी घेऊन आल्या. सदतीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिलेली बाई. अजूनही बोलताना समोर काउंटर असल्यासारखे हात ठेवते. ठमीला एक घास भरवला, तिचं तोंड पुसलं, आणि तिच्याकडेच बघत म्हणाल्या, "आमच्याकडे एक डॉक्टर होते. चांगले होते. सुट्टीवर जाताना कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून कंपाउंडरला देऊन जायचे, पेशंट अडू नयेत म्हणून. त्यांना वाटायचं कुणाला माहीत नाही. अख्ख्या गल्लीला माहीत होतं." दुसरा घास. "मूर्ख आहेस."

"आई," नवरा म्हणाला.

"आहे ना मूर्ख! तिला नाही तर कुणाला म्हणू, शेजारणीला? मूर्खपणा केलास तो केलास ग. आता त्याच्यावर आणखी मजला चढवू नकोस." आणि वाटी माझ्या हातात देऊन, "धर, तुझी लेक माझ्या हातनं खात नाहीये. तुझ्या आवाजाकडे लक्ष आहे तिचं."

सकाळी मी ऑफिसच्या कपाटातून सळ्या शोधायचं यंत्र घेतलं. पुस्तकाएवढा डबा, काँक्रीटवरून फिरवला की आत सळई असेल तिथे टीं करतो आणि ती किती खोल आहे ते आकड्यात दाखवतो. मुख्याध्यापिका वेळेआधी आल्या होत्या. ठेंगण्या, खांद्याला मोठी पिशवी, पायात चालायचे बूट. होऊनजाईलने फुलदाणी आणून ठेवली होती, साहेब ताब्याच्या दाखल्याची फाईल घेऊन उभे होते. तीन ठिकाणी सही करायची म्हणून तीन पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, त्यांतली एक माझ्या नावासमोर. बाई म्हणाल्या, "मला आधी गॅलरी बघू द्या. मुलांना मी तिचंच आमिष दाखवलंय." आणि सरळ दाराकडे निघाल्या.

"बाई, कठड्याकडे जाऊ नका. इथे भिंतीशी थांबा माझ्याजवळ."

साहेब म्हणाले, "बाळा." इतकंच.

मी गुडघ्यावर बसले आणि यंत्र रेघेवरून फिरवलं. टीं. पंचवीस मिलिमीटर यायला हवं होतं. ब्याऐंशी. पुढे सरकले. टीं. एकोणनव्वद. पुढे, ऐंशी. होऊनजाईल म्हणाला, "या यंत्राचं काही खरं नाही, सेल उतरला असेल." मी तेच यंत्र वर्गाच्या आत, भिंतीवरच्या तुळईला लावून दाखवलं. टीं. सव्वीस. आणि त्याने पहिल्यांदाच, मला वाटतं अगदी नकळत, एक पाऊल मागे घेतलं, गॅलरीतून आत.

बाई आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होत्या. "मला यातलं काही कळत नाही. पंचवीस, ऐंशी. कमी चांगलं का जास्त?"

"बाई, हात समोर धरा. सरळ." त्यांनी धरला, शिक्षकांना सांगितलं की पटकन करतात. मी त्यांचीच पिशवी त्यांच्या मनगटात अडकवली. वह्या होत्या आत, जड होती. "थांबा जरा. कुठं ओढतंय?"

"मनगटात." थांबल्या. हात किंचित कापायला लागला. त्यांनी दुसरा हात नेऊन खांद्यावर, मानेजवळ ठेवला. "इथं. वर."

"तिथे सळई पाहिजे. तिथे नाही."

पिशवी खाली ठेवताना त्यांनी ती अगदी सावकाश ठेवली, जणू तिच्यात काही झोपलं आहे. मग गॅलरीकडे बघितलं, त्या कठड्याकडे, मैदानाकडे. मग माझ्याकडे; आणि त्यांचा चेहरा बदलला, आणि मला कळलं की आता ज्या प्रश्नाला मी कालपासून भीत होते तो येणार. "हे तुम्हाला आज कळलं? हे बघायला कुणी नव्हतं का तेव्हा?"

साहेबांनी डोळे मिटले. मला वाटतं ते माझ्यासाठीच मिटले.

मी दाखला घेतला. माझ्या नावासमोरची पिवळी चिठ्ठी काढली, आणि जिथे एक सही करायची तेवढ्या जागेत मावेल एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या स्लॅबचं कार्ड, सोळा तारीख, सकाळी साडेअकरा. त्यावरची सही माझी आहे. ती मी आधीच, कोऱ्या कार्डावर केली होती. त्या वेळी मी प्रसूतिगृहात होते. तपासणी कुणीच केलेली नाही. वरच्या सळ्या ऐंशी ते एकोणनव्वद मिलिमीटर खोल आहेत. ही गॅलरी वापरण्याजोगी नाही. माझ्या अशा आणखी पाच सह्या आहेत, त्या कुठे वापरल्या ते आज शोधते.

होऊनजाईल तोंडातल्या तोंडात म्हणाला, "ताई, स्वतःच्या पायावर..." बाई वाचत होत्या, एकेका शब्दाखाली बोट धरून, मुलांना शिकवतात तसं. 'प्रसूतिगृहात'पाशी बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांनी मला माफ केलं असेल असं मला वाटत नाही, आणि करायचं कारणही नव्हतं. बोट पुढे गेलं.

गॅलरीच्या चार दारांना मी आतून कड्या घातल्या. छातीत कळ आली; ठमीची दुधाची वेळ झाली होती. मग दाखला परत ओढला आणि खाली सही केली. या वेळी झोका निघाला नाही, हात थकला होता, नाव नुसतं नाव आलं. त्याच्याखाली, बाटलीवर लिहिते तशी, तारीख लिहिली, घड्याळात बघून वेळ लिहिली, आणि त्या तारखेला, त्या वेळेला, मी तिथे होते.